‘नामा म्हणे’ म्हणजे नेमकं कोण म्हणे?

सिनॉप्सिसच्या मसुद्यांमध्ये एक वाक्य हमखास सापडतं : “मध्ययुगात लेखकत्वाची संकल्पनाच नव्हती.” वाक्य भारदस्त आहे आणि सोयीचंही. एकदा ते लिहिलं, की कोणता अभंग कोणाचा, तो कोणी लिहून घेतला, कोणी बदलला, हे प्रश्न आपोआप गळून पडतात. सगळं ‘लोकपरंपरा’ या एका पोत्यात भरलं, की आपण मोकळे!

आजच्या लेखात हे वाक्य आपण एका उदाहरणावर घासून बघू. उदाहरण आपल्या हिंगोली जिल्ह्याचं आहे : संत नामदेव आणि त्यांच्या नावावर चालत आलेले अभंग. प्रश्न साधा आहे. जिथे कोणीही उभं राहून गाऊ शकतं, कोणीही वहीत उतरवून घेऊ शकतं, अशा मोठ्या समुदायात प्रामाणिकपणा म्हणजे काय? छापखाना नाही, कॉपीराइट नाही, तपासायला समिती नाही. मग काही नियम होते का? माझं म्हणणं असं, की होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडले गेले की लोकांना कळायचं आणि बोचायचंही.

आधी जागा समजून घेऊ

कयाधू नदीकाठचं नर्सी हे गाव नामदेवांचं गाव म्हणून ओळखलं जातं. आज आपण त्याला ‘नर्सी नामदेव’च म्हणतो. परंपरेनुसार त्यांचा जन्म १२७० चा आणि समाधी १३५० ची. जन्मस्थळाबद्दल अभ्यासकांत वाद आहे. काहींच्या मते घराणं मूळचं नर्सीचं आणि जन्म पंढरपूरचा. या वादात आज शिरायचं नाही. पण तुम्ही लिहाल तेव्हा ‘परंपरेनुसार’ हा शब्द गाळू नका. तो घाबरटपणा नाही, ती नोंद आहे.

एक व्यवहाराची गोष्टही इथेच सांगतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यामुळे जुन्या गॅझेटिअरमध्ये ‘हिंगोली जिल्हा’ शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. नर्सी आणि औंढा नागनाथ तुम्हाला परभणीच्या पानांवर भेटतील, आणि त्याच्याही मागे गेलात तर निजामाच्या हैदराबाद संस्थानाच्या कागदांत.

बाड : एका वहीत अनेकांचा आवाज

नामदेवांचे अभंग आपल्यापर्यंत आले ते मुख्यतः कीर्तनातून आणि बाडांतून. बाड म्हणजे कीर्तनकाराची किंवा भजन करणाऱ्याची हस्तलिखित वही. लांबट पानांची, एका टोकाला शिवलेली, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. तिच्यात एका कवीचं सगळं काव्य क्रमानं नसतं. आज ज्या विषयावर कीर्तन आहे त्याला लागणारे नामदेवांचे चार, ज्ञानदेवांचे दोन, जनाबाईंचा एक, मधेच एखादी आरती, मधेच एखादं औषध असा सगळा संसार तिथे नांदत असतो.

ख्रिश्चन ली नोव्हेट्झके या अभ्यासकानं नामदेवांवरच्या आपल्या २००८ च्या पुस्तकात या बाडांकडे फार बारकाईनं पाहिलं आहे. त्याचा मुद्दा थोडक्यात असा, की नामदेवांची परंपरा ही ग्रंथापेक्षा कीर्तनाची, म्हणजे लोकांसमोर घडणाऱ्या प्रयोगाची आहे, आणि बाड हे त्या प्रयोगाचं साधन आहे. म्हणून ‘मूळ शुद्ध प्रत’ शोधायला निघालेला माणूस इथे गोंधळतो.

गोंधळायला कारणही आहे. अभंगाच्या शेवटी कवीची नाममुद्रा येते. ‘नामा म्हणे’ दिसलं की आपण नामदेव समजतो. पण १६ व्या शतकात विष्णुदास नामा नावाचा दुसरा कवी होऊन गेला. त्यानं मराठीत महाभारत रचलं. त्याच्या आणि आणखी काही ‘नामां’च्या रचना नामदेवांच्या गाथेत मिसळल्या आहेत, हे अभ्यासकांनी वारंवार दाखवलं आहे. बरं, ‘विष्णुदास नामा’ दिसलं की तो दुसरा कवी, असाही सरळ हिशेब नाही. विष्णूचा दास या अर्थानं स्वतः नामदेवांनीही तशी मुद्रा वापरली असणार. १९७० साली महाराष्ट्र शासनानं नामदेव गाथा प्रसिद्ध केली, तिच्यासमोरही हा पेच होताच.

आता तुम्ही म्हणाल, “म्हणजे सिद्धच झालं की! कोणाचं काय, याची कोणालाच पर्वा नव्हती.” थांबा. सरमिसळ होणं वेगळं आणि पर्वा नसणं वेगळं. पुढची चार उदाहरणं बघा.

पहिलं : जनाबाईंची यादी

जनाबाईंच्या नावावर एक अभंग आहे. काव्य म्हणून कोणी तो पहिल्या रांगेत बसवणार नाही, पण संशोधक म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. त्यात कोणाचे अभंग कोण लिहून घेत होतं, त्याची चक्क यादी आहे. ज्ञानदेवांचे बोल चिदानंदबाबा लिहीत. निवृत्तिनाथांचे सोपानदेव. मुक्ताबाईंचे स्वतः ज्ञानदेव. सावता माळ्यांचे काशिबा गुरव. चोखामेळ्यांचे अनंतभट.

ही यादी ऐतिहासिक दृष्ट्या तंतोतंत खरी आहे का, हा वेगळा प्रश्न. तो अभंग जनाबाईंचाच का, हाही प्रश्न विचारता येईल. पण ज्या कोणी तो रचला आणि ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांना एक गोष्ट महत्त्वाची वाटली : बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, आणि दोघांचीही नावं सांगायची. प्रबंधाच्या सुरुवातीला आपण ‘ऋणनिर्देश’ लिहितो ना, तेच हे.

त्यातही चोखोबांची ओळ थांबून वाचा. चोखामेळा महार. देवळाच्या आत त्यांना प्रवेश नाही. यादीप्रमाणे त्यांचे शब्द उतरवून घेणारा माणूस ‘भट’. लेखणी त्याच्या हातात होती. पण अभंगाच्या शेवटी मुद्रा राहिली ती चोख्याचीच. दुसऱ्याचा शब्द टिकवायची ताकद हातात असताना त्याचं नाव तसंच ठेवायचं, हा त्या समुदायाचा पहिला नियम म्हणायला हरकत नाही. आणि जनाबाई स्वतः? त्या आपल्या मुद्रेत नामदेवांची आठवण ठेवतात, ‘नामयाची जनी’ म्हणतात, पण आपलं नाव पुसत नाहीत. कोणामुळे आपण उभे आहोत ते सांगायचं आणि जे बोललो ते आपलं आहे हेही सांगायचं. दोन्ही एका मुद्रेत.

दुसरं : तुकोबांनी घेतलेलं काम

शतकोटी अभंगांचा नामदेवांचा संकल्प अपुरा राहिला, अशी कथा आहे. सुमारे तीनशे वर्षांनी देहूच्या तुकोबांनी सांगितलं, की पांडुरंगाला सोबत घेऊन नामदेव स्वप्नात आले आणि राहिलेलं काम पुरं करायला सांगून गेले. भाविक याला साक्षात्कार म्हणतील. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी म्हणून तुकोबांनी पुढे काय केलं ते बघा.

दुसऱ्याचं अपुरं काम हाती घेतलं, तर सर्वांत सोपं काय होतं? ‘नामा म्हणे’ लिहून त्याच गाथेत भर घालणं. नाव प्रतिष्ठित होतं आणि लोकांनी लगेच स्वीकारलंही असतं. तुकोबांनी तसं केलं नाही. काम कोणाचं, प्रेरणा कोणाची, हे उघड सांगितलं आणि अभंगाखाली ‘तुका’ लिहिलं. म्हणजे ऋण मान्य केलं आणि जबाबदारी स्वतःवर घेतली. चूक झाली तर ती नामदेवांच्या माथी जाणार नाही, तुक्याच्या जाईल. संदर्भ देण्याचा अर्थ मला याहून चांगला कुठल्या मेथडॉलॉजीच्या पुस्तकात मिळालेला नाही.

तिसरं : सालोमालो

आणि हे न पाळणाऱ्याचं काय व्हायचं? तुकोबांच्या गाथेत ‘सालोमालो’ हे नाव येतं. हा स्वतःला हरिदास म्हणवणारा माणूस तुकोबांचे अभंग घेऊन त्यात स्वतःची मुद्रा घालतो, अशी कथा पुढे महिपतींनी सांगितली आहे. कथा बाजूला ठेवली तरी गाथेतली चीड शिल्लक राहते. एकाचं बोलणं दुसरा आपलं म्हणून मिरवतो आणि त्यात मूळ बोलण्याचा नास होतो, अशी ती तक्रार आहे.

तक्रारीचा रोख कशावर आहे ते पाहा. ‘माझी मालमत्ता चोरली’ असा तिचा सूर नाही. शब्द देवाचे आहेत, असं तुकोबा इतर ठिकाणी म्हणतातच. दुखणं वेगळं आहे. नाव बदलताना माणूस ओळीही वाकवतो, अर्थ आपल्या सोयीचा करतो, आणि ऐकणारे फसतात. म्हणजे त्या काळी गुन्हा मालकाविरुद्ध नव्हता, तर ऐकणाऱ्यांविरुद्ध होता. आपण वाङ्मयचौर्याकडे फक्त ‘कोणाचं घेतलं’ या बाजूनं बघतो आणि सॉफ्टवेअरचा टक्का किती आला ते मोजतो. ‘कोणाला फसवलं’ ही बाजू या जुन्या समुदायानं जास्त स्पष्ट पाहिली होती.

जिथे लेखकत्वाची संकल्पनाच नाही, तिथे सालोमालोचा राग येऊच शकत नाही. सिनॉप्सिसमधलं ते वाक्य माझ्या मते इथे मोडतं.

चौथं : एकनाथांची शिस्त

आता हिंगोलीतून पैठणला येऊ, कारण नाथांशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. लेखक म्हणून सच्चिदानंदबाबांचं नाव ग्रंथातच आहे. तीनशे वर्षांत नकला करता करता पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला आणि शेवटी आपण काय केलं ते चार-पाच ओव्यांत नोंदवलं : ग्रंथ मुळात अतिशुद्धच, पाठांतरामुळे अबद्ध झाला होता, तो शोधून ठेवला. त्यासोबत एक इशाराही दिला. या पाठात कोणी आपली ओवी घातली, तर ते अमृताच्या ताटात नरोटी ठेवण्यासारखं होईल, अशा अर्थाचा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी.

लक्षात घ्या, नाथ स्वतः मोठे कवी होते. भागवतावर त्यांनी हजारो ओव्या लिहिल्या. ज्ञानेश्वरीत आपली एक ओवी सफाईनं बसवणं त्यांना सहज जमलं असतं. पण स्वतःचं बोलायचं तेव्हा स्वतःच्या ग्रंथात, आणि दुसऱ्याचा ग्रंथ हाती आहे तेव्हा फक्त त्याचं. दुरुस्ती केली ती कधी आणि का, तेही सांगून. जाता जाता दुसऱ्या टोकाचं उदाहरण : १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी पंजाबात आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत, आणि ती नामदेवांच्याच नावानं आहेत. प्रदेश दुसरा, भाषा दुसरी, परंपरा दुसरी, पण नाव तेच ठेवलं.

पण प्रामाणिकपणा पुरेसा नाही

इथपर्यंत आपण नावांबद्दल बोललो. समुदायात वागण्याची दुसरी अर्धी बाजू म्हणजे एकमेकांचा मान. तिथे नामदेवांच्या दोन कथा पुन्हा आपल्याला हिंगोलीत आणतात.

पहिली कच्च्या मडक्याची. संतमंडळी जमलेली. मुक्ताबाई गोरोबाकाकांना म्हणतात, तुम्ही कुंभार, सांगा बघू यातलं कोणतं मडकं पक्कं. गोरोबा थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटत जातात. सगळे गप्प. नामदेव मात्र चिडतात. निकाल येतो : हे मडकं कच्चं. नामदेव दुखावतात, पंढरीला जाऊन विठ्ठलाकडे गाऱ्हाणं करतात, आणि शेवटी विसोबा खेचरांना गुरू करतात. ही भेट औंढा नागनाथच्या देवळात झाली असं आपल्याकडे सांगतात. बार्शीची परंपरा ती बार्शीला झाली असं सांगते.

कथेतलं नवल वेगळंच आहे. ही सगळी हकिगत नामदेवांच्याच नावावरच्या अभंगांतून आली आहे. ज्याला कच्चं ठरवलं त्याच्याच तोंडून. आणि ज्या परंपरेत नामदेवांना एवढं मोठं स्थान, तिनं ती गोष्ट दडवली नाही, उलट कीर्तनातून शतकानुशतकं सांगितली. सेमिनारमध्ये कोणी आपल्या चॅप्टरवर थापटणं मारलं की आपल्याला काय वाटतं, ते तुम्हाला माहीत आहे. राग येणं स्वाभाविक आहे. नामदेवांनाही आला. रागानंतर माणूस कुठे जातो, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी कथा देऊळ फिरल्याची. नामदेव शिंपी जातीचे म्हणून त्यांना देवळासमोरून उठवलं. ते मागे जाऊन कीर्तन करू लागले, तर देऊळच त्यांच्याकडे फिरलं. आपल्याकडे ही घटना औंढ्याची मानतात. गुरू ग्रंथ साहिबमधल्या नामदेवांच्या एका पदातही हाच प्रसंग आहे. मी भक्ती करत होतो आणि मला धरून उठवलं, ही वेदना तिथे स्पष्ट आहे. देऊळ खरंच फिरलं का, हा आपला प्रश्न नाही. ज्याला मागे बसवलं त्याचं म्हणणं लोकांनी पुढे आणून ठेवलं आणि ते पंजाबपर्यंत पोचलं, हा इतिहास आहे.

म्हणून सगळं गोडगोड होतं असं मात्र लिहू नका. चोखोबांना पायरीपर्यंतच जागा मिळाली. समुदायानं आपले नियम सगळ्यांना सारखे लावले नाहीत. पण कोणाला मागे बसवलं, याची आठवण त्यानं पुसली नाही.

तुमच्या कामात याचं काय करायचं?

एक, नावांबद्दल नेमके राहा. ‘नामदेव म्हणतात’ आणि ‘नामदेवांच्या नावावरच्या अभंगात म्हटलं आहे’ यांत फरक आहे. कोणत्या गाथेची कोणती आवृत्ती वापरली तेही लिहा.

दोन, बाड घरात असतं, आणि घर कोणाचं तरी असतं. नर्सी-औंढा परिसरात किंवा कुठेही जुन्या वह्या बघायला गेलात, तर आधी बसा, बोला, घरातल्या कोणी म्हटलेला अभंग ऐका. फोटो काढायच्या आधी विचारा. जेवढ्याला हो म्हटलं तेवढ्याचेच काढा. काम झाल्यावर त्यांना प्रत पाठवा. प्रबंधात नाव छापायचं की नाही, हेही त्यांनाच ठरवू द्या.

तीन, लिहिणाऱ्याला विसरू नका. मोडी वाचून देणारे काका, पाठ सांगणाऱ्या आजी, रात्री जागून टाइप करून देणारा मित्र हे तुमचे सोपानदेव आणि काशिबा गुरव आहेत. यादी करा.

चार, रिसर्च स्कॉलरांच्या ग्रुपवर कोणी स्वतः लावलेला मोडी पाठ किंवा सूची टाकली, तर ती तुमच्या फाईलमध्ये जाण्याआधी त्या व्यक्तीला विचारा आणि तळटीपेत तिचं नाव येऊ द्या. चूक दिसली तर शक्यतो आधी तिला एकटीला सांगा. आणि कोणाच्या मसुद्यात स्वतःचा मुद्दा गुपचूप घालू नका. तुमचा मुद्दा असेल तर तुमच्या नावानं लिहा. नरोटी लक्षात आहे ना?

पाच, वारकरी कीर्तनात आपल्या म्हणण्याला आधार म्हणून दुसऱ्या संताचा अभंग घेतात, त्याला ‘प्रमाण’ म्हणतात. महाराज प्रमाण उचलतात, ‘तुकोबाराय म्हणतात’ असं सांगतात, आणि मागचे टाळकरी ते चाल लावून पुढे नेतात. शब्द चुकला तर तो तिथेच लक्षात येतो, कारण मागच्यांनाही तो पाठ असतो. जवळपास कुठे सप्ताह असेल तर एक दिवस वही घेऊन बसा. दोन तासांत किती प्रमाणं आली, प्रत्येकाला नाव दिलं का, आणि नाव चुकलं तेव्हा टाळकऱ्यांच्या चेहऱ्यावर काय झालं, एवढंच टिपा. त्यानंतर घरी येऊन सिनॉप्सिसमधलं ते पहिलं वाक्य पुन्हा वाचा आणि ठेवायचं की खोडायचं ते तुम्हीच ठरवा.